वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे व मेक्सिकोची भाकर



मेक्सिको देशाच्या राजधानीत शिक्षण खात्याची एक मोठी इमारत आहे. तिच्या भिंतींवर दिएगो रिवेरा नावाच्या नामांकित चित्रकाराने पुष्कळ चित्रे काढलेली आहेत. त्यांपैकी १९२८ सालच्या एका चित्रास त्याने 'आमची भाकर' अशा अर्थाचे नाव दिले. हे शब्द कोणत्या प्रार्थनेतले आहेत हे आपणांस सांगावयास नको. चित्रात एक मेज मांडलेले असून त्याभोवती कष्टकरी माणसे बसली आहेत, आणि मध्यभागी बसलेला एक पुरुष भाकर मोडून सर्वांस देण्याच्या तयारीत आहे. तो पुरुष मेक्सिकोचा नव्हे. तो आपल्या शेजारच्या वर्ध्याचा होय. त्याचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर ह्या निग्रो कृषितज्ज्ञाचे चरित्र मराठी घराघरांत वाचले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या वर्धा नदीचे पाणी वणी-मारेगावच्या बाजूने वाहते, त्याच नदीचे नाव धारण करणाऱ्या गावात जन्मलेल्या आणि दूरदेशीच्या गरीब कुणब्यांकरिता झिजलेल्या ह्या पुरुषाविषयी आपल्या खेड्यांतून फारच थोड्यांस माहिती आहे. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहे.

खानखोजे ह्यांचा जन्म १८८४ साली वर्धा येथे झाला. त्यांचे वडील अर्जनवीस होते; म्हणजे कचेरीत येणाऱ्या रयतेचे अर्ज लिहून देऊन ते उपजीविका करीत. अर्ज लिहिणाऱ्याच्या घरी गावोगावच्या अडचणी रोज चालत येतात. सारा, सावकार, बुडालेले पीक व गहाण पडलेले वावर ह्यांवाचून अशा अर्जांत दुसरे काय असणार? मुलगा लहान असतानाच मध्यप्रांत व वऱ्हाड ह्यांवर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ एकामागून एक कोसळले. पुष्कळ ठिकाणी बाजारात धान्य होते, पण मजुराच्या हाती ते विकत घेण्यापुरता पैसा नव्हता. आणि ज्याच्यापाशी शेत होते त्याच्यापाशी पुढच्या पेरणीला बी उरले नव्हते. अशा काळात ह्या मुलाचे बालपण गेले.

प्राथमिक शिक्षण वर्ध्यास आटोपून ते पुढील शिक्षणासाठी नागपुरास गेले. तेथे लोकमान्य टिळकांच्या विचारांचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला, आणि परकी सत्ता शस्त्राच्या बळाने उलथून टाकावी ह्या ध्यासाने ते पेटले. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्यांनी देश सोडला, व जपानमार्गे ते अमेरिकेस पोहोचले. त्यांनी तेथे दोन विद्या शिकावयास घेतल्या. एका बाजूस कॅलिफोर्नियातील लष्करी शाळेत ते युद्धशास्त्र शिकले, आणि दुसऱ्या बाजूस शेतीशास्त्राचा अभ्यास करून १९१३ साली वॉशिंग्टन राज्याच्या महाविद्यालयातून पदवीधर झाले. तलवार व नांगर अशी दोन्ही हत्यारे एकाच तरुणाच्या हाती होती. त्यांतले कोणते टिकेल हे त्या वेळी त्यासही ठाऊक नव्हते.

हे महाविद्यालय कोणत्या प्रकारचे होते हे येथे सांगणे जरूर आहे, कारण पुढील सर्व गोष्टीचे मूळ त्यात आहे. १८६२ साली अमेरिकेच्या सरकारने कायदा करून प्रत्येक राज्यास जमीन दिली, व तिच्या उत्पन्नातून शेतकऱ्यांच्या व कारागिरांच्या मुलांकरिता महाविद्यालये काढण्यास सांगितले. १८८७ च्या कायद्याने त्यांस प्रयोगाची शेते जोडली गेली. १९१४ च्या कायद्याने त्या शेतांवर कळलेली गोष्ट गावोगाव जाऊन शिकविणारी माणसे नेमण्यात आली. शिकविणे, शोधणे व पोहोचविणे ही तिन्ही कामे एकाच छपराखाली आली. तोपर्यंत विद्यापीठ म्हणजे वकील, वैद्य व धर्मोपदेशक घडविण्याची जागा असा समज असे. शेणखताला व बियाण्याला तेथे मान मिळेल असे कोणाच्या मनात येत नव्हते.

परंतु खानखोजे ह्यांचे चित्त त्या वेळी स्वस्थ नव्हते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांतून व मळ्यांतून राबणाऱ्या हिंदी मजुरांमध्ये १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला. त्याच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. पहिले महायुद्ध सुरू होताच ते तुर्कस्तानमार्गे इराणात शिरले, आणि तेथून हिंदुस्थानच्या सरहद्दीवर सैन्य नेण्याची खटपट त्यांनी केली. लढाईत ते जखमी झाले, पकडले गेले, व पुन्हा निसटले. युद्ध संपले तेव्हा हाती काहीच आले नव्हते, आणि इंग्रज सरकारच्या दप्तरी मात्र त्यांचे नाव कायमचे नोंदले गेले होते. पुढे ते बर्लिनमधील हिंदी क्रांतिकारकांत मिसळले, आणि १९२१ साली त्यांच्याबरोबर मॉस्कोलाही जाऊन आले. शस्त्राच्या मार्गाविषयी आपणां वाचकांत मतभेद असतील, व असावेतही. पण घरदार, पैसा व सुख ह्यांपैकी कशाचीही पर्वा न करता हा मनुष्य पंधरा वर्षे भटकला, हे कोणासही नाकारता येणार नाही. चाळिशीस आलेला तो पुरुष आता अशा स्थितीत होता की, मायदेशी पाऊल टाकावे तर तुरुंग, आणि परदेशी राहावे तर ना घर ना दार.

अशा वेळी अमेरिकेत असताना मेक्सिकन मंडळींशी जडलेला स्नेह त्यांच्या उपयोगी पडला. १९२४ साली ते मेक्सिकोस आले, आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापक झाले. राजधानीजवळील हे विद्यालय पूर्वीच्या एका मोठ्या जमीनदाराच्या वाड्यात नुकतेच आणले गेले होते. जेथे एका कुटुंबाची मालकी होती व शेकडो मजूर राबत होते, तेथे आता मजुरांच्या मुलांनी शेती शिकावयाची होती.

मेक्सिकोत १९१० पासून दहा वर्षे रक्तपात चालला होता. त्याचे मुख्य कारण जमीन हे होते. १९१७ च्या राज्यघटनेने मोठ्या जहागिरी फोडून गावांस जमीन देण्याचा मार्ग मोकळा केला, व हळूहळू कुळांच्या हाती वावरे येऊ लागली. परंतु वाचकहो, वावर हाती आले म्हणजे भाकर ताटात आली असे होत नाही, हे आपण शेतकरी चांगले जाणतो. बी कोठून आणावे? पाऊस उशिरा आला तर काय पेरावे? गारठ्याने व रोगाने पीक जाऊ नये म्हणून काय करावे? जमीन देणाऱ्या कायद्यात ह्या प्रश्नांची उत्तरे नव्हती. ती शोधण्याच्या कामी खानखोजे ह्यांनी आपली विद्या लावली.

त्या देशात मक्याला जी किंमत आहे ती आपल्याकडे ज्वारीला होती. गरिबाची भाकर मक्याची. म्हणून त्यांनी मक्यावर विशेष मेहनत घेतली. मक्याच्या धांड्याच्या शेंड्यावर तुरा येतो, त्यातून पराग झडतात. आणि खाली कणसातून रेशमासारखे केस बाहेर पडतात. पराग ज्या केसावर पडतो त्या केसाचा दाणा भरतो. वाऱ्याच्या स्वाधीन ठेविले तर कोणाचे पराग कोठे जातील ह्याचा नेम नाही. म्हणून शास्त्रज्ञ कणसावर वेळेपूर्वी कागदी पिशवी चढवितो, निवडलेल्या झाडाचे पराग स्वतःच्या हाताने त्यावर टाकतो, व पुन्हा पिशवी बांधतो. आलेले दाणे पेरून, त्यांतले चांगले ठेवून, बाकीचे टाकून, वर्षामागून वर्षे तो हेच करीत राहतो. ह्यात चमत्कार काही नाही; धीर मात्र फार लागतो.

मेक्सिकोच्या रानात व शेतांच्या बांधांवर तेओसिंते नावाचे एक गवत आपोआप उगवते. त्यास बारीक, कठीण दाण्यांची पुष्कळ इवली कणसे येतात. आज शास्त्रज्ञ निश्चित सांगतात की, हजारो वर्षांपूर्वी तेथील लोकांनी ह्याच गवतातून निवड करीत करीत मका घडविला. खानखोजे ह्यांनी मका व हे रानगवत ह्यांचा संकर केला. एकाच धांड्यास अनेक कणसे लागतील असे वाण मिळावे ही त्यांची खटपट होती. गहू व कडधान्ये ह्यांवरही त्यांनी काम केले, आणि अवर्षणास व थंडीस टिकणारी वाणे ते शोधीत राहिले.

परंतु त्यांच्या चरित्रातली अधिक मोलाची गोष्ट ती वाणे नव्हेत. चापिंगोच्या विद्यालयात थोडीच मुले मावत असत, आणि खेड्यातला बाप्या आपले वावर सोडून वर्गात येऊन बसणार नाही, हे त्यांनी ओळखले. तेव्हा शेतकऱ्यांच्या संघटनांस हाताशी धरून त्यांनी खेड्यांतच मोफत कृषिशाळा काढल्या. तेथे फी नव्हती. पिकाची निगा, बियाण्याची निवड व वाण सुधारण्याची रीत ह्या गोष्टी खुद्द शेतकऱ्यांस त्यांच्याच मुलखात शिकविल्या जात. चांगले बी हाती देणे हा एक उपकार आहे. पण चांगले बी कसे निवडावे हे शिकविणे हा त्याहून मोठा, कारण असा मनुष्य पुढल्या वर्षी कोणाच्या दारात उभा राहत नाही.

विद्या वरून खाली वाहते, खालून वर काहीच येत नाही, असा सुशिक्षितांचा एक गैरसमज असतो. तो दूर करणारा दाखला ह्याच मक्याच्या इतिहासात आहे. मेक्सिकोच्या खेड्यांतील बाया फार पुरातन काळापासून मका चुन्याच्या पाण्यात उकडून, रात्रभर तसाच ठेवून, मग धुऊन पाट्यावर वाटीत आल्या आहेत. का, असे विचारले तर रीतच आहे असे त्या सांगत. पुढे मका इटलीत व अमेरिकेच्या दक्षिण भागात गेला. दाणा गेला, पण ही रीत मागे राहिली. आणि जेथे गरीब लोक जवळजवळ मक्यावरच जगत तेथे पेलाग्रा नावाचा रोग माजला. अंगाची कातडी काळवंडून फाटते, जुलाब लागतात, बुद्धी भ्रमते, व शेवटी मनुष्य मरतो. बऱ्याच काळानंतर शास्त्रज्ञांस उमगले की, मक्यातील एक जीवनसत्त्व शरीरास मिळेल अशा स्थितीत नसते, ते चुन्याने मोकळे होते. विद्यापीठांस ज्याचा शोध उशिरा लागला, ते त्या अडाणी म्हटलेल्या बायांच्या हातांत होते. आपल्या दख्खनेतही केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत हा रोग आढळे, व १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत त्यावर मोठे काम झाले.

तेथील शेतकरी मक्याच्या धांड्यालगत घेवड्याचे वेल चढवितात व खाली भोपळा पसरतात. मका व घेवडा एकाच ताटात आले म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आपल्याकडे पऱ्हाटीच्या तासांमध्ये तुरीचे तास टाकतात व भाकरीबरोबर वरण खातात, त्याचेही तेच रहस्य होय.

चापिंगोच्या दिवसांत खानखोजे ह्यांचा रिवेराशी स्नेह जडला. रिवेरा त्या वेळी विद्यालयातील जुन्या प्रार्थनामंदिराच्या भिंती रंगवीत होता. तीना मोदोत्ती ह्या इटलीत जन्मलेल्या छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या मक्याच्या प्रयोगांची व कामाची छायाचित्रे घेतली. मेक्सिकोतच त्यांनी एका बेल्जियन तरुणीशी विवाह केला, आणि त्यांस दोन कन्या झाल्या. त्यांपैकी सावित्री साहनी ह्यांनी पुढे वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले.

असा मान व असे घर मिळूनही मायदेशाचा दरवाजा बंदच होता. ज्या मुलखातील दुष्काळांत त्यांचे बालपण गेले, तेथील वावरात उतरण्याची त्यांस परवानगी नव्हती. ऐन उमेदीची वर्षे परक्या मातीत गेली. ह्याचे दुःख त्यांस किती झाले असेल हे आपण आपल्या मनाशीच समजून घ्यावे.

१९४३ साली मेक्सिकोचे कृषिखाते व अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान ह्यांनी मिळून धान्यसंशोधनाचे मोठे काम सुरू केले. त्याचे प्रयोग चापिंगोच्याच भूमीवर आरंभिले गेले. १९४४ साली नॉर्मन बोरलॉग हा तरुण शास्त्रज्ञ तेथे आला, व त्याने आपल्या सहकाऱ्यांसह गव्हाची रोगास न बळी पडणारी, आखूड ताटांची वाणे काढली. हे श्रेय खानखोजे ह्यांचे नव्हे, व ते त्यांस देणे खरेपणाचे होणार नाही. परंतु परदेशी विद्वान व मेक्सिकोचा शेतकरी ह्यांनी एकाच बांधावर उभे राहावे, ही चाल त्या भूमीवर वीस वर्षे अगोदर एका वर्धेकराने पाडली होती, इतके म्हणण्यास हरकत नाही.

हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर दरवाजा उघडला. खानखोजे परत आले. परंतु देह थकला होता, आणि ज्या विद्येचा मेक्सिकोने एवढा उपयोग करून घेतला तिचा मायदेशात तसा उपयोग झाला नाही. अखेरचा काळ त्यांनी नागपुरास घालविला, व २२ जानेवारी १९६७ रोजी ते निवर्तले. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९६६ साली, भारत सरकारने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणविले होते. ज्या देशास त्यांनी आपले आयुष्य दिले, त्या देशाचे बी त्यांच्या मरणसमयी पंजाबच्या शेतांत उगवत होते.

त्यांच्या मागे हे काम थांबले नाही. १९६६ साली मेक्सिकोत मका व गहू ह्यांचे आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याआधी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात मक्याचा असा एक प्रकार ओळखला गेला होता की, त्याच्या दाण्यात शरीर पोसणारी प्रथिने अधिक चांगली होती; पण दाणा पिठूळ, उतारा कमी व कीड फार, म्हणून शेतकऱ्यांनी तो नाकारला. मेक्सिकोच्या केंद्रात सुरिंदर वसल हे भारतीय शास्त्रज्ञ व एव्हानहेलिना व्हियेगास ह्या मेक्सिकन विदुषी ह्यांनी वर्षानुवर्षे खपून तो दोष काढला, व २००० साली दोघांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भारतीय मनुष्य व मेक्सिकोचा मका ह्यांची जुनी सोयरीक अशी पुन्हा जुळली.

आपल्या देशातही १९६० साली पंतनगर येथे पहिले कृषिविद्यापीठ निघाले; त्यास अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने साह्य केले. महाराष्ट्रातील कामास पेन्सिल्व्हानिया राज्य विद्यापीठाची जोड मिळाली. १९६९ साली अकोल्यास विदर्भाकरिता कृषिविद्यापीठ स्थापन झाले, आणि आपला यवतमाळ जिल्हा त्याच्याच क्षेत्रात येतो.

ह्या सर्व मोठमोठ्या नावांचा मारेगावच्या शेतकऱ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. आपल्या काळ्या मातीत पूर्वी पऱ्हाटीबरोबर ज्वारीही डोलत असे. आता कापूस व सोयाबीन ह्यांनी बहुतेक वावरे व्यापली आहेत. बी दुकानातून येते, पीक बाजारात जाते, आणि घरच्या मुलांच्या ताटात काय पडते ह्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. पेरणीच्या वेळी कर्ज व तोडणीच्या वेळी पडलेला भाव ह्यांच्या कात्रीत सापडून आपल्या जिल्ह्यातील किती घरे उजाड झाली, हे मी लिहिण्याची गरज नाही. अशा वेळी विद्यापीठ केवळ उतारा वाढविण्याचा उपाय सांगेल व शेतकरी केवळ हात जोडून ऐकेल, तर ती भागीदारी नव्हे. भागीदारीत दोघांनी बोलावयाचे असते. कोणते वाण आपल्या बरड जमिनीत जगते, कोणती रानभाजी कोलामाच्या घरी उपासाच्या महिन्यांत खातात, कोणत्या ज्वारीची भाकर पोरांस पचते, हे आपल्या म्हाताऱ्यांस माहीत आहे. आणि दाण्यात काय आहे व काय नाही हे विद्यापीठास माहीत आहे. एकाचे दुसऱ्यास कळले पाहिजे.

म्हणून गावोगाव काम करणाऱ्या बंधूंस माझी विनंती आहे की, कृषिविज्ञान केंद्राचा मनुष्य गावात आला तर त्यास पारावर बसवा, म्हाताऱ्या शेतकऱ्यांस व बायांसही बोलवा, आणि प्रश्न नुसते ऐकू नका तर विचाराही. परसात तुरीचे व चवळीचे दोन वाफे मुलांसाठी राखा. पुढच्या हंगामाकरिता निदान एका धान्याचे बी स्वतःच्या हाताने निवडून ठेवा. मेक्सिकोच्या खेड्यांत वर्ध्याच्या त्या पुरुषाने हेच शिकविले.

त्या चित्रातील मेजावर एक जागा आपलीही आहे. भाकर मोडणाऱ्याच्या हातास जी माती लागलेली होती, ती ह्याच मुलखातली होती.